रात्री दोन वाजता कसं असेल, ते विचार

अगं, तू पाठवलेले सगळे फोटो पाहिले. दिव्यांच्या माळा, पांढरेशुभ्र टेंट, मधोमध शेकोटी, मागे समुद्र. छानच आहेत. पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का? सगळे फोटो संध्याकाळी सहा ते सातमधले आहेत. त्या वेळी घोलवडमध्ये आमच्या मागच्या दारचा शेणखताचा ढीगसुद्धा देखणा दिसतो! तुला जागा निवडायची आहे ती रात्री दोनसाठी. त्या वेळी पिल्लू उठून ‘आई, शू’ म्हणणार, सासूबाईंचे गुडघे धरलेले असणार, तुझे अहो गाढ झोपलेले असणार आणि अनोळखी अंधारात टॉर्च चाचपडणारी तू असणार. त्या प्रसंगाला जी जागा पास झाली, ती घे. बाकी शेकोटी काय, कुणीही पेटवून देतं.

तर आधी संडासाबद्दल बोलू. नाक मुरडू नकोस. फोनवर विचारायला तुला लाज वाटेल, म्हणून सांगते, पहिला प्रश्न हाच विचार. टेंटपासून संडास किती पावलांवर आहे? मधल्या वाटेवर रात्रभर दिवा असतो की अकराला बंद करतात? कमोड आहे का? सासूबाईंना उकिडवं बसता येत नाही, हे तुझे अहो ऐन वेळी विसरतील. नळाला पाणी असतं की बाहेरच्या पिंपातून बादली भरून न्यायची? आतून कडी लागते का? आणि कितीजणांत एक? शनिवारी वीस-बावीस माणसांना दोन संडास असतील, तर सकाळी सातला तिथे काय चित्र असेल ते तूच डोळ्यांसमोर आण. आत झाकणाची कचरापेटी आहे का, तेही विचार. पाळी सहलीची तारीख पाहून येत नाही. मालक या प्रश्नांना हसला किंवा ‘होऊन जाईल हो ताई’ म्हणाला, तर पुढे बोलूच नकोस. ज्याच्याकडे सगळं नीट आहे, तो उलट खूश होऊन सांगतो.

आता जागा. आमच्या डहाणू-घोलवडच्या पट्ट्यात तुझ्यासमोर साधारण तीन प्रकार येतील. चिकूच्या वाडीतले टेंट, किनाऱ्यालगत सुरूच्या बनाजवळचे, आणि आत अस्वालीच्या धरणाकडे, बारडच्या डोंगराखाली. तिन्हीकडे मजा आहे. मला विचारशील तर पिल्लू आणि सासूबाई बरोबर असताना वाडीच घे. पण वाडीचेही नखरे असतात, ते शहरातल्या माणसाला माहीत नसतात.

चिकूची झाडं दहा-दहा मीटरवर लावतात. जुन्या वाडीत मात्र फांद्या एकमेकींत अशा मिसळलेल्या असतात की दुपारीही खाली गडद सावली. एप्रिलमध्ये ती सावली म्हणजे सुख. डिसेंबरात तीच दाट सावली ओल धरून ठेवते आणि डासांना आवडते. म्हणून टेंट झाडाच्या ऐन बुंध्याशी नको, वाडीच्या मोकळ्या कडेला किंवा खळ्यासारख्या सपाट जागी मागून घे. रात्री वटवाघळं चिकूवर तुटून पडतात. अर्धवट खाल्लेलं फळ टेंटच्या छतावर टपकन पडलं की पिल्लू दचकेल. सकाळी त्याच चिकूभोवती मुंग्यांची रांग. त्याने काही बिघडत नाही, फक्त चपला झटकून पायात घालायच्या आणि गोड खाऊ टेंटमध्ये उघडा ठेवायचा नाही.

दोन प्रश्न मात्र वाडीवाल्याला नक्की विचार, कारण ते कुणीच विचारत नाही. ‘या आठवड्यात फवारणी आहे का?’ चिकूत बी पोखरणारी अळी येते, कळ्या खाणारी येते, त्यावर औषध मारावं लागतं. फवारलेल्या झाडाखाली लहान मुलाला लोळू देणं मला पटत नाही. चांगला बागायतदार टेंटकडचा भाग सोडून देतो किंवा पाहुणे गेल्यावर फवारतो. दुसरा प्रश्न, ‘त्या दिवशी पाणी सोडायची पाळी आहे का?’ ठिबक असेल तर चिंता नाही. पण आळ्यांना पाटाने पाणी देत असतील, तर विजेच्या वेळापत्रकानुसार पंप मध्यरात्रीही चालू होतो, आणि अंथरूण खालून गार लागायला लागल्यावर तुला कळतं की पाणी आलं.

समुद्राकाठच्या टेंटबद्दल तुझ्या अहोंचा हट्ट आहे, हे तुझ्या आवाजावरूनच कळलं. तर त्यांना एवढं सांग. आमचा किनारा अगदी सपाट आहे. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की समुद्र शोधत चालावं लागतं, आणि मध्ये चिखलवट काळी वाळू. भरती येताना मात्र त्या सपाटीवरून पाणी झरझर चढतं. पंचांग काढून तिथी बघ. कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. मुंबईला हा अंदाज बरा बसतो, आमच्याकडे भरती त्याहून थोडी उशिरा येते. पौर्णिमा-अमावास्येला हाच आकडा बाराच्या आसपास जातो. आता गंमत बघ. पौर्णिमेला चांदण्यासाठी म्हणून लोक येतात, सूर्यास्ताला पाणी कुठच्या कुठे गेलेलं असतं, ‘अरे केवढी जागा आहे’ म्हणून पुळणीवर खाली टेंट ठोकतात. आणि मध्यरात्री महिन्यातली सगळ्यात मोठी भरती येते. उधाणाची. गाड्या वाळूत उतरवणाऱ्यांचंही असंच होतं, मग ट्रॅक्टर शोधत फिरतात. म्हणून किनाऱ्यावर राहायचंच असेल, तर वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची जी रेघ पडलेली असते, तिच्या बऱ्याच वर, रस्त्याच्या बाजूला. आणि समुद्रात डुंबायचं तर चढत्या भरतीला, कडेकडेने, स्थानिक कोळ्याला विचारून. पिल्लाचा हात सोडून फोटो काढायचा नाही.

वाऱ्याचंही तसंच. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना, ते इथे अंगावर येतात. दुपारभर समुद्राकडून, पहाटे जमिनीकडून. टेंटचं दार पश्चिमेला केलं की दुपारी आत रेतीच रेती. पहाटे पूर्वेची गार झुळूक लागते ती वेगळीच. दार उत्तर-दक्षिण असलेलं बरं. आणि दव! दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत हा सगळा मोसम, हवा सुरेख, पण पहाटे टेंटच्या कापडाला हात लावला तर ओला होतो. दुहेरी कापडाचा टेंट आहे का, की वर ताडपत्री घालतात, ते विचार. गाद्या जमिनीवर की खाटेवर, हेही. मी खाटेचा आग्रह धरीन, आणि त्याला कारण थंडी एवढंच नाही.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही, सुजतही नाही. सकाळी पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, एवढंच माणूस सांगतो. तुला घाबरवायला सांगत नाहीये. थंडीत साप कमीच बाहेर पडतात, आणि खाट, खोचलेली मच्छरदाणी, बंद चेन एवढं असलं की काळजीचं कारण फारसं उरत नाही. पण काही झालंच तर मांत्रिकाकडे नेऊ म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकायचं नाही. 108 ला फोन, पाय न हलवता थेट दवाखाना. घोलवडला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, डहाणूला उपजिल्हा रुग्णालय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर आपल्याकडचं प्रतिविष चालतं. जागा बुक करताना मालकाला विचार, रात्री गाडी आणि ड्रायव्हर हजर असतो का. त्याचं उत्तर ऐकूनच तुला कळेल की त्याने कधी हा विचार केलाय की नाही.

आता टेंटऐवजी भाड्याने घ्यायची म्हणतेस ती कॅराव्हॅन, आत झोपायची सोय असलेली गाडी. कल्पना मला आवडली, खरंच. आपल्याकडे हे प्रकरण नवीन आहे. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, जिथे पक्की हॉटेलं उभी राहू शकत नाहीत तिथे माणसांना राहता यावं हा त्यातला एक विचार. डहाणूला तो तंतोतंत लागू पडतो, कारण 1991 च्या केंद्राच्या अधिसूचनेने सगळा तालुकाच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलाय. इथे कारखाने फोफावले नाहीत आणि वाड्या टिकल्या, त्यात त्या अधिसूचनेचा मोठा वाटा आहे. पण धोरण आलं म्हणून गावोगाव गाडी लावायची सोय झाली असं समजू नकोस. तुझी जाऊ अमेरिकेत फिरते तेव्हा सरकारी उद्यानांतली जागा सहा-सहा महिने आधी नंबरानिशी राखून ठेवते. गाडी लावायचा चौकोन आखलेला, टेबल-बाक मांडलेलं, कितीतरी ठिकाणी वीज-पाण्याची जोडणी शेजारीच, आणि रात्री दहानंतर आवाज बंद. इथे तो चौकोन तुलाच फोनवर आखायचाय.

कसा, ते सांगते. गाडीची उंची विचारून घे, वरच्या एसीसकट. चारोटीहून डहाणू आणि तिथून किनाऱ्याने इकडे येणारा रस्ता सुंदर आहे, पण अरुंद. दोन्ही बाजूंनी झाडं वाकलेली, कुठे कुठे वायर खाली आलेली. वाडीचं फाटक बैलगाडीच्या काळातलं असतं. गाडी आत जाईल, पण वळेल का? मालकाला म्हण, ‘तुमच्याकडे चिकूचा टेम्पो कुठपर्यंत येतो?’ जिथे टेम्पो भरायला उभा राहतो, तिथे तुझी गाडी हमखास उभी राहते, जमीन तेवढी घट्ट असते. नुकतं पाणी दिलेल्या मातीत चाक रुतलं, तर सहलीचा अर्धा दिवस गेला. मग वीज. साध्या पाच अँपियरच्या प्लगवर एसी आणि गिझर चालत नाहीत, सोळा अँपियरचा, अर्थिंगचा पॉइंट हवा. नसेल तर जनरेटर रात्रभर घुरघुरणार आणि शेजारच्या टेंटमधली माणसं तुझा उद्धार करणार. पाणी कसलं, तेही विचार. समुद्राजवळच्या काही बोअरचं पाणी मचूळ लागतं, टाकी भरण्याआधी चव घेऊन बघ.

आणि गाडीतल्या संडासाची टाकी. ती कुठे रिकामी करणार? याचं उत्तर सेप्टिक टँक एवढंच असू शकतं. ‘पलीकडे नाल्यात सोडा’ म्हणणाऱ्याच्या दारात गाडीच लावू नकोस. तो नाला पुढे खाडीत जातो, आणि तिथे आमच्या माच्छी बायका मासळी धुतात. आणखी एक, ज्याचा विचार भाड्याची गाडी घेताना कुणी करत नाही. ड्रायव्हर कुठे झोपणार? या गाड्या बहुधा ड्रायव्हरसकट मिळतात. तो बिचारा पुढच्या सीटवर मुटकुळं करून रात्र काढणार आणि सकाळी महामार्गावर तुमचा सगळ्यांचा जीव त्याच्या हातात. त्याला खाट, आंघोळ, जेवण, सगळं आधी ठरवून घे. पैसे लागले तर दे.

जनरेटरच्या आवाजावरून आठवलं. नकाशात समुद्र दिसला की माणसं खूश होतात, रूळ बघत नाहीत. पश्चिम रेल्वेचा मुख्य मार्ग गावातूनच जातो. दिल्ली-अहमदाबादच्या गाड्या, मालगाड्या, रात्रभर धडधड. मला आता ती ऐकू येत नाही, पण पहिल्यांदा येणारे टक्क जागे असतात. शनिवारची रात्र हा दुसरा आवाज. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, झाईला आलं की महाराष्ट्र, त्यामुळे काही टोळकी फक्त ‘बसायला’ येतात. सगळेच काही वाईट नसतात, पण त्यांच्या शेजारी तुला पिल्लू निजवायचं नाहीये. मालकाला सरळ विचार, कुटुंबं आणि मुलांचे ग्रुप वेगळे ठेवता का, स्पीकर किती वाजता बंद. पवना धरणाच्या काठावर टेंटची जत्रा झाली ती याच ढिलाईने. जमलं तर रविवार संध्याकाळ ते मंगळवार ये, भावही उतरलेला असतो. बोर्डीला चिकू महोत्सव असतो त्या शनिवार-रविवारी टेंटात राहायचा बेत नको. तो दिवसा येऊन बघण्यासारखा आहे.

शेकोटी हवीच म्हणतात ना तुझे अहो? असू दे. पण सुरूच्या वाळक्या काड्या भसकन पेटतात, म्हणून बनापासून दूर, मोकळ्या जागी, शेजारी पाण्याची बादली. आणि कितीही गारठा असला तरी कोळशाची शेगडी टेंटच्या किंवा गाडीच्या आत घ्यायची नाही. बंद जागेत तो वायू वासाशिवाय माणूस मारतो. सासूबाईंना शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी.

मालक नोंदणीकृत आहे का, हेही बघ. 2020 पासून राज्याचं कृषी पर्यटन धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडे केंद्रांची नोंदणी होते. कागद असला म्हणजे सगळं उत्तम असं नाही, पण काही बिनसलं तर बोलायला एक जागा राहते. मला स्वतःला जिथे घरची बाई व्यवहारात असते ती वाडी जास्त आवडते. जेवण कोण करतं, विचार. थंडीत आलीस तर उकडहंडी आधी सांगून ठेव. वालपापडी, कोनफळ, रताळी मडक्यात भरून, पाल्याने तोंड बंद करून, मडकं उपडं घालून वर जाळ करतात. तेल नाही, पाणी नाही, सासूबाईंनाही चालेल. तू मात्र स्वयंपाकाचं सामान बांधून आणू नकोस. सहलीला येऊनही तूच चहाची भांडी विसळणार असशील, तर ठाण्यातलं घर काय वाईट आहे?

एक सांगायचं राहिलं. टेंट म्हटलं की आमच्या इकडे काहींना सहल आठवत नाही. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी आणि तलासरीच्या बाजूला भूकंपाचे धक्के सुरू झाले. 2019 च्या थंडीत माणसं लेकरं घेऊन घराबाहेर झोपत होती, प्रशासनाने तंबू उभारून दिले होते. त्यामुळे तिकडच्या कुणी तुमच्या हौसेच्या टेंटकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, तर मनाला लावून घेऊ नकोस. धक्के अजूनही मधूनच येतात, बहुतेक बारीक. टेंटात तर उलट भीती कमी, फक्त तो पाण्याच्या उंच टाकीखाली किंवा जुन्या भिंतीला टेकून नको.

फिरायचं म्हणशील तर यादी नको करूस. पिल्लाला कोसबाडच्या टेकडीवर ने. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम मांडलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडला नेलं, अनुताई वाघ बरोबर होत्या. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवणाऱ्या या बायका. सासूबाई शिक्षिका होत्या ना, त्यांना ते बघायला आवडेल. तुझ्या अहोंना पाय मोकळे करायचे असतील, तर बारडच्या डोंगरावर बहरोटच्या गुंफा आहेत. संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर पारशांनी इराणशाह हा आपला पवित्र अग्नी बारा वर्षं तिथे जपला, असं परंपरा सांगते. चढ बऱ्यापैकी आहे, त्यांना एकट्याला पाठव, आणि तू तेवढा वेळ वाडीत खाटेवर आडवी हो.

आणि अजून सासूबाईंना विचारलेलं नाहीस, हो ना? त्यांना गाडीत झोपायचंय का, टेंटात, की कशातच नाही, हे आज रात्रीच विचार. नाही म्हणाल्या तर सहल मोडायची गरज नाही. 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी तिने येऊ दे. मी रिक्षा घेऊन स्टेशनवर थांबते. रात्री आमच्या घरी झोपतील, पक्क्या भिंतीत, कमोडवाल्या खोलीत. तुम्ही तिघं खुशाल टेंटात राहा.

मालकाचा फोन लागला की मला सांग. पाळीचा आणि फवारणीचा प्रश्न विचारायला लाजलीस, तर नंबर मला दे.